ठकी, पुस्तकं, सिनेमा आणि २३ किलो

परदेशातल्या मराठी घरासाठी इथून काय न्यायचं, याची यादी बहुतेक वेळा दुकानात उभं राहूनच तयार होते. आवडलं, घेतलं, पिशवीत टाकलं. मग विमानतळावर काउंटरसमोर बॅग उघडून पुस्तकं उपसायची वेळ येते. नाहीतर तिकडे पोचल्यावर बाहुलीला चीर गेलेली दिसते, डिस्क प्लेअर घेत नाही आणि मिक्सर नुसता घुमत राहतो. ही खरेदी उलट्या टोकाकडून सुरू करावी. वस्तू जिथे जाऊन राहणार तिथली हवा कशी, प्लग कसा, प्लेअर कोणता आणि ती हातात घेणारं मूल केवढं, हे आधी. बाजार नंतर.

आणि त्याच्याही आधी तिकीट. त्यावर 'पीस' (म्हणजे बॅगांची संख्या आणि प्रत्येकीचं वजन ठरलेलं) लिहिलंय की नुसते किलो, हे नीट वाचा. मुंबईहून अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा असतात. तिथे एक बॅग २५ आणि दुसरी २१ भरली तर 'एकूण ४६च आहे ना' हा युक्तिवाद चालत नाही. जास्तीचे पैसे लागतात. जिथे नुसतं एकूण वजन दिलेलं असतं, तिथे वाटणी साधारणपणे तुमच्या हातात असते, फक्त एका बॅगेत ३२ किलोच्या वर जाऊ नका. रिकामी २८ इंची कडक बॅग स्वतःच ४ ते ४.५ किलो भरते. म्हणजे २३ मधले साडेअठराच तुमचे.

आता बाहुल्या. 'हातानं बनवलेली लाकडी बाहुली' म्हटलं की सगळ्या एकाच माळेचे मणी वाटतात, पण लाकूड, रंग आणि जोडणी तिन्ही वेगळी असतात आणि त्यावरच ती परदेशात किती टिकेल हे ठरतं.

सावंतवाडीची ठकी प्रवासाला सगळ्यात सोयीची. अंगाबाहेर निघालेले नाजूक भाग कमी, त्यामुळे मोडण्यासारखं फारसं काही नसतं. चितारआळीतल्या दुकानांत ठकीबरोबरच लाकडी फळं आणि भातुकलीही मिळते: पोळपाट-लाटणं, जातं, खलबत्ता. पूर्वी या कामाला पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत, आता आंब्याचं आणि इतरही असतं. नाव कोणतंही असो, ते पुरतं वाळलेलं आहे का, हा खरा प्रश्न. कोकणातल्या दमट हवेत ओलसर लाकूडही गुण्यागोविंदानं राहतं. तीच बाहुली हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात गेली, की हवेतली आर्द्रता एकदम २०-३० टक्क्यांवर येते, लाकूड आवळतं आणि तडकतं.

हे दुकानात ओळखता येतं. बाहुली उलटी करून तळ बघा. लाकडाच्या वर्तुळांचा मध्यबिंदू तळाच्या मधोमध दिसत असेल, तर ती अख्ख्या फांदीतून कातलेली आहे, गाभा आतच आहे. अशा तुकड्याला गाभ्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत चीर जाण्याची शक्यता जास्त. वर्तुळांच्या नुसत्या कमानी दिसत असतील तर तुकडा मोठ्या ओंडक्याच्या कडेचा आहे, तो घ्या. एकाच मापाच्या दोन बाहुल्या दोन हातांत धरून बघा. एक उगाच जड आणि गार लागत असेल तर तिच्यात पाणी आहे. तळ रंगवून झाकलेला असेल तर तिथेच बारीक चीर शोधा, कारण लाकडाची तोंडं तळाशी उघडी असतात आणि सुकण्याची सुरुवात तिथून होते. तिकडे पोचल्यावर बाहुली लगेच उघड्या फडताळात मांडू नका. कागदात गुंडाळून दोन-तीन आठवडे हीटरपासून लांब ठेवली तर लाकूड सावकाश सुकतं, एकदम नाही.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणाची खेळणी वेगळ्या जातीची. ही बंगळुरू-मैसुरू रस्त्यावर मिळतात, पण महाराष्ट्रातल्या हस्तकलेच्या दुकानांतही सहज दिसतात. काळ्या कुड्याचं फिकट लाकूड लेथवर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते, मग पानानं घासून चकाकी आणतात. वर लावलेल्या रंगासारखे याचे पोपडे सहसा निघत नाहीत, म्हणून लहान मुलांना ही बरी. पण लाख उष्णतेनं मऊ पडते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. बाळाच्या हातात देण्याआधी 'जरा स्वच्छ करू' म्हणून सॅनिटायझर चोळला, की बाहुली चिकट होते आणि रंग हाताला येतो. ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडी करायची, एवढंच. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका.

आंध्रातली कोंडापल्लीची बाहुली दिसायला सगळ्यांत देखणी आणि प्रवासाला सगळ्यांत नाजूक. हात, डोकं, डोक्यावरचा घडा असे भाग वेगळे कोरून जोडतात आणि सांधे चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्यानं भरतात. हा सांधा ओलीला आणि आडव्या झटक्याला घाबरतो. ती घ्यायचीच असेल तर केबिन बॅगेत, आणि मुलाच्या हातात नव्हे, कपाटात.

आता मूल केवढं आहे ते. १ जानेवारी २०२१पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखाली 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून खरा आहे का ते बघता येतं. यातून दोघांना सूट आहे: हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागाची खास वस्तू अशी नोंद) मिळालेली खेळणी. म्हणून कारागिराच्या बाहुलीवर चिन्ह नसलं तर लगेच बेकायदा ठरत नाही. पण तपासणीचं काम मात्र तुमच्याकडे आलं.

ते करायचं असं. पांढरं फडकं ओलं करून बाहुलीच्या लाल आणि पिवळ्या भागावर वीसेक वेळा जोर देऊन घासा. रंग उतरला तर तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. नाकाशी धरल्यावर तैलरंगाचा उग्र वास येत असेल तर तो थर अजून वाळलेला नाही; प्लॅस्टिकमध्ये बांधली तर ते त्याला चिकटून बसेल. देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा २०१६च्या नियमांनी ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आणली. त्याआधीच्या रंगवलेल्या जुन्या बाहुल्या कितीही गोड दिसल्या तरी बाळाच्या तोंडापासून लांबच. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे भाग तपासायचं प्रमाणित नळकांडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यात मावणारा कोणताही तुकडा नको. घरी टिश्यूच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी वापरा. ती जरा रुंद असते, म्हणजे तुमची परीक्षा जास्त कडक होईल. भातुकलीतला बत्ता आणि लाकडी द्राक्षं हमखास नापास होतात.

कापडी बाहुलीत आत काय भरलंय हे विचारा. पॉलिस्टरची रुई धुता येते, हलकी असते. सावरीचा कापूस मऊ पण धुतल्यावर गोळे होतात. लाकडाचा भुसा असेल तर नकोच: जड, ओल धरतो, कीड लागते. लहान मुलासाठी डोळे भरतकामाचे असावेत. बटणाचे किंवा मण्यांचे नाही. दागिन्यांत गुंजा ओवल्या असतील तर ती बाहुली सोडून द्या. गुंज विषारी आहे, आणि बिया हा अनेक देशांच्या सीमेवर वेगळाच त्रास आहे.

सीमेचं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं. लाकडी वस्तू प्रवेशाच्या घोषणापत्रात जाहीर करायचीच. जाहीर केली तर सहसा अधिकारी बघून परत देतात. सालीचा तुकडा, किडीची भोकं किंवा ताजा भुसा दिसला तर प्रक्रिया करायला सांगतात किंवा काढून घेतात. न्यूझीलंडमध्ये धोक्याची वस्तू जाहीर न करण्याचा जागेवरचा दंड ४०० न्यूझीलंड डॉलर आहे. म्हणून घेतानाच एक ते दोन मिलिमीटरची गोल भोकं शोधा आणि बाहुली काळ्या कागदावर आपटा. पिठासारखी पूड पडली तर कीड जिवंत असू शकते. दुकानदार प्रेमानं पेंढ्यात गुंडाळून देतात, तो पेंढा तिथेच परत करा. बाहुलीपेक्षा पेंढ्यानंच जास्त अडायला होतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, जुन्या बाहुल्या आणि पितळी भातुकली मिळते. पितळ वजनाला मारक, आणि भातुकलीतली चिमुकली विळी केबिन बॅगेत टाकलीत तर सुरक्षा तपासणीत ती गेलीच समजा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. 'आजीच्या काळातली आहे हो' असं विक्रेता छातीठोक सांगत असेल तर किंमत वाढते, आणि विमानतळावर तेच बोलणं अंगाशी येतं. घरातली हस्तलिखित पोथी घेऊन निघालेल्यांनीही हे वाचावं.

पुस्तकांचं गणित सोपं आहे आणि कुणी करत नाही. डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरचं पुस्तक दर १०० पृष्ठांमागे साधारण ११० ग्रॅम भरतं. २०० पृष्ठांचं पेपरबॅक २३० ग्रॅमच्या आसपास, ३०० पृष्ठांचं ३४०. पुठ्ठा बांधणी असली की वर शंभर-दीडशे ग्रॅम. आठ किलो पुस्तकांना राखले तर तीनशे ग्रॅमची पंचवीसेक पुस्तकं होतात. गुळगुळीत आर्ट पेपरवरचं पुस्तक त्याच जाडीत बरंच जड, हे लक्षात ठेवा. दिवाळी अंकांचा गठ्ठा त्यामुळेच फसवतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

परदेशात वाढणाऱ्या मुलासाठी पुस्तक निवडताना वय दोन वर्षांनी कमी धरा. आठ वर्षांच्या मुलाची समज आठाची असते, पण मराठी वाचन सहाचं. १८ पॉइंट किंवा मोठं अक्षर, एका पानावर तीन-चार ओळी, जोडाक्षरं बेताची. कुठलंही पान उघडून जोडाक्षरं मोजा. दहा शब्दांत तीनहून जास्त असतील तर ते पुस्तक आईबाबाच वाचणार. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तकं या मापात बसतात, शिवाय पातळ असतात. तुलिकाची इंग्रजी-मराठी पुस्तकं दोन्ही भाषा एका पानावर देतात. त्यांचा फायदा असा, की मराठी न येणारा जोडीदारही वाचून दाखवायला बसू शकतो. तोटा असा, की मूल इंग्रजी ओळच वाचतं.

अप्पा बळवंत चौकातून नवं घ्या किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून जुनं, दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापून बांधतात, त्यामुळे चूक झाली की एक पान जात नाही, सोळाच्या सोळा गायब होतात किंवा दोनदा येतात. पृष्ठ १६, ३२, ४८, ६४ असे सांधे भरभर चाळा; मिनिटभराचं काम. दुसरं, 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांतला फरक वाचा. पाठ्यपुस्तक, कोश, प्रवासाची मार्गदर्शिका असेल तर सुधारित आवृत्तीच हवी. कथा-कादंबरीला पुनर्मुद्रण चालतं, आणि जुनं स्वस्त पडतं. सिग्नलवर मिळणारी चकचकीत स्वस्त प्रत ओळखायच्या खुणा अशा: चोरटी छपाई फोटोकॉपीवरून होते, म्हणून ओळी किंचित तिरक्या, कान्यांच्या कडा जाडसर, आणि कणा दोनदा वाकवला की पानं सुटतात.

जुन्या पुस्तकात कसर असेल तर ती बाकीच्या चोवीस पुस्तकांत आणि तिकडच्या कपाटातही जाईल. प्रत्येक संशयित पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका. उघडलीत तर गार कागदावर दव धरतं आणि किडीच्या जागी बुरशी येते. हा उपाय रंगवलेल्या बाहुलीवर करू नका, रंगाचा थर तडकतो.

वजन बसतच नसेल तर टपाल खात्याकडे छापील साहित्याची वेगळी थैली पाठवण्याची सोय असते, आंतरराष्ट्रीय टपालात तिला एम बॅग म्हणतात. एकाच पत्त्यावर, कमाल ३० किलो. सगळ्या देशांसाठी ती सगळ्या काळात चालू नसते, तेव्हा मोठ्या टपाल कार्यालयात विचारूनच पुस्तकं बांधा.

सिनेमाच्या डिस्क आता कोण घेतं, असं वाटेल. पण स्ट्रीमिंगचे हक्क देशागणिक असतात. इथे दिसणारा मराठी सिनेमा तिकडच्या त्याच अॅपवर असेलच असं नाही, आणि इथे अॅपमध्ये डाउनलोड केलेली फाइल काही दिवसांत मुदत संपून बंद पडते. नव्या सिनेमांच्या डिस्क फारशा निघत नाहीत. जुना साठा मात्र दुकानांत पडून आहे आणि त्यात जे आहे ते पुन्हा येणार नाही.

वेष्टणावर तीन गोष्टी वाचा. पहिली प्रदेश, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालेल त्याचा क्रमांक: भारताचा डीव्हीडी प्रदेश ५, अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि आखात २, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड ४. बऱ्याच भारतीय डिस्कवर शून्य किंवा 'ऑल' असतं, ते कुठेही चालतं. ब्लू-रेला वेगळे प्रदेश आहेत: भारत सी, अमेरिका ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी. दुसरी गोष्ट पाल (PAL) की एनटीएससी (NTSC), म्हणजे टीव्हीच्या चित्राची पद्धत: भारतात पाल, अमेरिकेत एनटीएससी. प्रदेश जुळला तरी पाल डिस्क अमेरिकेतला साधा प्लेअर बहुधा घेत नाही. युरोपातले प्लेअर सहसा दोन्ही घेतात. यावर स्वस्त तोड म्हणजे यूएसबीचा बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि संगणक, कारण संगणकाला पाल-एनटीएससीशी देणंघेणं नसतं. मात्र ड्राइव्हचा प्रदेश पाचच वेळा बदलता येतो, त्यानंतर तो कायमचा अडकतो. उगाच खेळू नका.

तिसरी गोष्ट अस्सलपणा. स्वामित्व हक्क कायद्याच्या ५२ए कलमाप्रमाणे सिनेमाच्या डिस्कच्या वेष्टणावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, डिस्क काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाची परवानगी घेतल्याचं निवेदन लागतं. ते नसेल तर ठेवा परत. डिस्क उलटी करून बघा: कारखान्यात छापलेली चंदेरी किंवा दोन थरांची असेल तर सोनेरी दिसते. जांभळी किंवा हिरवट झाक असेल तर ती घरी लिहिलेली प्रत आहे आणि तिच्यातला रंगद्रव्याचा थर उन्हानं उडतो.

बरेच जुने मराठी सिनेमे व्हीसीडीवरच आहेत: एक सिनेमा दोन-तीन डिस्कवर, चित्र भुरकट, उपशीर्षकं चित्रातच छापलेली किंवा मुळीच नाहीत. मराठी कच्चं असलेल्या मुलांसाठी उपशीर्षकांशिवाय काही घेऊ नका. व्हीसीडी म्हणजे मुळात सीडी; माहितीचा थर वरच्या लेबलाच्या अगदी खाली असतो. म्हणून लेबलच्या बाजूचा ओरखडा घातक, खालचा बहुधा चालून जातो. डीव्हीडीत तो थर दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांच्या मध्ये असतो. पुसायचं ते मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा वाचनाच्या मार्गाच्याच दिशेनं जातो आणि सिनेमा तिथे अडतो. डिस्क एकटी १६ ग्रॅमची, डब्यासकट शंभराच्या घरात. वीस सिनेमे कापडी पाकिटांत भरले तर दीड किलोहून जास्त वाचतात. वेष्टणाचे कागद मात्र घडी करून सोबत ठेवा.

बॅगेबद्दल एकच आग्रह: चेन. एकेरी-दुहेरी चाकं, रंग, आतले कप्पे यांवर दुकानात अर्धा तास जातो, आणि कडक बॅगची प्लॅस्टिकची चेन साध्या बॉलपेननं उघडते, वर सरकवून पुन्हा बंदही होते. दुहेरी गुंडाळीची चेन किंवा कड्यांनी बंद होणारी चौकट घ्या. एबीएस प्लॅस्टिक स्वस्त पण थंडीत ठिसूळ होतं. पॉलिकार्बोनेट चेपून परत वर येतं. अमेरिकेला जात असाल तर पत्त्यातल्या चौकटसारख्या लाल खुणेचं टीएसए कुलूप (तिथल्या सुरक्षा यंत्रणेला किल्लीनं उघडता येणारं) हवं, नाहीतर तपासणीत साधं कुलूप तोडतात. कुलपाचा नंबर लावला की बॅग उघडी असतानाच तीनदा फिरवून बघा. आत दाबायची खुंटी अर्धवट राहिली की नंबर आपोआप बदलतो, आणि मग ०००पासून ९९९पर्यंत बसा फिरवत.

प्लग बदलणारा अॅडॅप्टर विजेचा दाब बदलत नाही. चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर नुसता अॅडॅप्टर पुरे. अमेरिकेत १२० व्होल्ट, तिथे आपला २३० व्होल्टचा मिक्सर अर्ध्या जिवानं फिरतो आणि वाटण होत नाही. पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत, आणि १०० वॉट-अवरपर्यंतच विनापरवानगी. मिलिअँपिअर-अवरला ३.७नं गुणून हजारानं भागा: २०,००० म्हणजे ७४, चालेल; ३०,००० म्हणजे १११, विमान कंपनीची परवानगी लागेल. आकडे पुसलेली पॉवर बँक सुरक्षा कर्मचारी ठेवून घेतात, म्हणून छापा स्पष्ट असलेलीच घ्या.

भरताना पुस्तकं चाकांच्या बाजूला, आडवी. वर भरली तर बॅग उभी राहत नाही. बाहुली मधोमध, सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर कपडे, पोकळीत मोजे कोंबलेले; झाकणाच्या बाजूच्या कप्प्यात कधीच नाही. बोलकी बाहुली असेल तर सेल काढून वेगळे ठेवा, नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर गायला लागते.

टांगून वजन करायचा काटा ५० किलो क्षमतेचा घ्या आणि आधी पिठाच्या पाच किलोच्या न फोडलेल्या पिशवीवर तपासा. बॅग हातानं धरून हलली की आकडा नाचतो, म्हणून दाराच्या वरच्या आडव्या गजाला अडकवा. साडेबावीसवर थांबा.